पत्रात न लिहिलेले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बाहेरच्या कुणा विदुषीला बोलवायचे अशी आपल्या मंडळाची चाल आहे. यंदा ठरलेल्या पाहुण्या आजारी पडल्या आणि चार दिवसांपूर्वी चिटणीसबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही नेहमी काहीतरी वाचत असता, त्यातलेच अर्धा तास सांगा." मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवले, पंचेचाळीस मुलांसमोर बोलण्याची सवय आहे. पण तुमच्यासारख्या शेजारणींसमोर बोलायचे म्हणजे छाती धडधडते, कारण मुले मला फक्त शाळेत पाहत असत, आणि तुम्ही मला जिन्यात, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे पाहता. तेव्हा खोटे बोलून भागणार नाही.

मी आज एका कथासंग्रहाविषयी बोलणार आहे. पुस्तक इंग्रजी असले तरी गोष्टी आपल्या मुंबईच्या आहेत. रोहिंटन मिस्त्री हे लेखकाचे नाव. १९५२ साली मुंबईत जन्मलेला हा पारशी मुलगा १९७५ साली कॅनडाला गेला, टोरोंटोत एका बँकेत नोकरी करू लागला आणि तिथे बसून मुंबईच्या गोष्टी लिहू लागला. पुढे त्याने तीन मोठ्या कादंबऱ्या लिहिल्या आणि तिन्ही बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत गेल्या. परंतु त्याचे पहिले पुस्तक १९८७ सालचे, 'टेल्स फ्रॉम फिरोजशा बाग', अकरा कथांचे. मला स्वतःला त्याच्या कादंबऱ्यांपेक्षा हेच पुस्तक अधिक जवळचे वाटते, आणि ते का, हेच आज सांगायचे आहे.

बाग म्हणजे काय ते मुंबईत राहिलेल्यांना ठाऊक आहे. कुलाब्याची खुसरो बाग, भायखळ्याची रुस्तम बाग, लालबागची नवरोज बाग, अशा पारशी कुटुंबांच्या वसाहती. फिरोजशा बाग मात्र लेखकाने कल्पिलेली आहे. प्रत्येक गोष्ट तिथल्या निराळ्या बिऱ्हाडाची. तरी पहिल्या गोष्टीतले शेजारी पाचव्या गोष्टीत जिन्यावर भेटतात, एका गोष्टीतला पोरगा पुढच्या गोष्टीत मोठा झालेला असतो. चाळीत राहिलेल्या बाईला ही रचना समजावून द्यायला नको. सकाळी नळावर पहिल्या खोलीची हकिकत कळते, दुपारी पापड लाटताना तिसऱ्या खोलीची. आणि तिसऱ्या खोलीच्या हकिकतीत पहिल्या खोलीतल्या बाई दोन वाक्यांपुरत्या येतात, त्या दोन वाक्यांत त्यांच्याविषयी असे काही कळते की जे त्यांनी स्वतः नळावर कधीच सांगितले नसते. आपल्याकडे पु. लं.ची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली आली. तिथे आपण हसलो. फिरोजशा बागेतही हसू पुष्कळ आहे. (एक कथा तर परदेशी गेलेल्या एका तरुणाला तिकडच्या शौचकुपावर बसणे काही केल्या जमत नाही, एवढ्यावरच आहे. ती मी येथे व्यासपीठावरून सांगणार नाही. ज्यांना हवी त्यांनी घरी वाचावी आणि मुलांना वाचू द्यावी.) पण त्या हसण्याच्या खाली एक कुटुंब हळूहळू विखुरत जाते, आणि ते विखुरणे एका गोष्टीत दिसत नाही. ते दोन गोष्टींच्या मधल्या कोऱ्या पानावर होते.

त्या कुटुंबातल्या मुलाचे नाव केर्सी. धाकटा. थोरला पर्सी. आईवडील आणि आईची आई, तिला ते मामईजी म्हणतात. पहिल्यांदा केर्सी भेटतो तो पतंग बनविणारा आणि क्रिकेटच्या बॅटने घुशीउंदीर मारणारा पोरगा म्हणून. त्या गोष्टीत बागेत पडेल ते काम करणाऱ्या एका गरीब माणसाच्या मागे चोर, चोर म्हणून सगळे धावतात, केर्सीही बॅट घेऊन धावतो, आणि नंतर काय वाटते कोण जाणे, ती लाडकी बॅट तो स्वतःच मोडून टाकतो. लेखक त्यावर भाष्य करीत नाही.

पुढे एक गोष्ट आहे, पांढऱ्या केसांची आणि क्रिकेटची. दर रविवारी सकाळी केर्सीचे वडील वर्तमानपत्र उघडून बसतात आणि केर्सीने चिमट्याने त्यांचे पांढरे केस उपटायचे. वडील नोकरीच्या जाहिराती पाहत असतात. चांगली नोकरी मिळेल, घरात गॅस येईल, एक दिवस तुला अमेरिकेला पाठवू, असे चाललेले असते. मामईजी कोपऱ्यात कस्तीसाठी सूत कातीत बसलेली. पांढरा केस उपटणे अशुभ म्हणून ती कुरकुरते. पोराला या कामाची किळस येते. पूर्वी हेच वडील रविवारी मुलांना मैदानावर क्रिकेट खेळायला नेत. आता नेत नाहीत, थकतात. त्या दिवशी केर्सी शेजारच्या मित्राकडे जातो, तर त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले, नळ्या लावलेले. दाराच्या फटीतून तो पाहतो. घरी परत येतो. वडिलांना काहीतरी सांगावे, जवळ जावे असे मनात येते, पण सांगता येत नाही. उशीत तोंड खुपसून रडतो.

मी ही कथा प्रथम वाचली तेव्हा शाळेच्या बाकावर पेपर तपासायला म्हणून बसले होते. पेपर तसेच राहिले. आपला बाप म्हातारा होणार हे ज्या दिवशी मुलाला कळते, त्याच दिवशी तो त्याला ते कधीच सांगू शकणार नाही हेही ठरून जाते. आणि गंमत पाहा, अमेरिकेचे बी घरातच, बापाच्या हातूनच पेरले गेलेले आहे. पुढे मुलगा गेला म्हणून रुसायचे कुणावर?

मग येते 'लेंड मी युवर लाइट'. मधल्या काळात मुले मोठी झाली आहेत. पर्सीचा श्रीमंत मित्र जमशेद न्यूयॉर्कला गेला, केर्सी टोरोंटोला गेला, आणि थोरला पर्सी? तो खेड्यात गेला. शेतकऱ्यांना सावकाराच्या कर्जातून सोडवायचे म्हणून दोघे-तिघे मित्र गावात जाऊन राहिले. जमशेद पत्रांतून मुंबईला नावे ठेवतो. केर्सीला ते आवडत नाही, पण पर्सीसारखे वागण्याचे धैर्यही त्याच्याजवळ नाही. तो काही वर्षांनी घरी भेटीला येतो, आणि तेव्हाच पर्सीही गावाहून येतो, वाईट बातमी घेऊन. त्याच्याबरोबर काम करणारा मित्र मारला गेला आहे. वाटते, आता हा मुलगा घरी राहील. पर्सी परत गावाला जातो. केर्सी परत टोरोंटोला जातो.

येथे लेखक तिघा मुलांना एका तराजूत घालून कोण चांगला, कोण स्वार्थी, असा निकाल देत नाही, हे मला फार आवडले. पण माझे लक्ष वाचताना दुसरीकडेच होते. त्या घरातल्या आईकडे. तिचा एक मुलगा समुद्रापलीकडे, दुसरा जिथे जिवाला धोका आहे अशा गावी. जगाच्या दृष्टीने एक वर चढला, एक खाली उतरला. तिच्या दृष्टीने दोन ताटे रिकामी.

माझीही दोन मुले, तुम्ही सगळ्या जाणता. मुलगी नाशिकला शिक्षिका, मुलगा २००४ पासून जर्मनीत. लहानपणी एका पांघरुणात झोपणारी ही दोघे आता एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवितात. भांडण काही झालेले नाही. मुलगी म्हणते, "त्याला काय, तो तिकडे मजेत आहे." मुलगा म्हणतो, "ताईला काय, ती आईच्या जवळ आहे." प्रत्येकाला वाटते, ओझे आपल्याच वाट्याला आले. मी मध्ये उभी राहून दोघांनाही सांगते, सगळे ठीक आहे.

हे 'सगळे ठीक आहे' कुठून आले, ते सांगते. हे पुस्तक हाती आले नसते तर मी ते कुणाला सांगितले नसते.

१९७३ साली लग्न होऊन मी गिरगावात आले. दीड खोली, माणसे सात. माहेर वाईचे. आईला दर पंधरा दिवसांनी निळे अंतर्देशीय पत्र लिहायचे, असा माझा नेम होता. तीर्थरूप सौ. आईस सा. न. वि. वि., येथील सर्व क्षेम, तिकडील कळावे. दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात मला दिवस राहिले आणि तिसऱ्या महिन्यात सारे संपले. माहेरी अजून कळविलेच नव्हते, तेव्हा काय गेले ते तरी काय कळविणार? सात माणसांच्या घरात रडायला जागा नसते. मी संध्याकाळी पाण्याची बादली घेऊन निघे आणि तिसऱ्या मजल्याच्या जिन्याच्या वळणावर, जिथे दिवा नव्हता, तिथे बादली पालथी घालून बसत असे. वर-खाली जाणारे लोक बाजूने जात. कुणी विचारले नाही. चाळीत काही गोष्टी न विचारण्याचाही रिवाज असतो, आणि तो वाईट आहे असे मी म्हणणार नाही.

आई १९९६ साली गेली. दिवसवार आटोपल्यावर वहिनीने ट्रंक उघडली, तर लुगड्याच्या काठाने बांधलेला माझ्या पत्रांचा गठ्ठा. मी त्या पावसाळ्यातले पत्र शोधून काढले. त्यात लिहिले होते: पाऊस फार आहे. वन्संना स्थळे पाहत आहेत. दाण्याचे कूट पोचले. मी ठीक आहे. अक्षर सुरेख, एकही खाडाखोड नाही. गठ्ठाभर पत्रे मी वाचली आणि त्यांत मी कुठेच नव्हते.

वहिनी तिथेच बसली होती. ती म्हणाली, "त्याच वर्षी सासूबाईंनी पाटल्या मोडल्या, भावजींच्या शिक्षणासाठी. तुम्हाला कळवू नका म्हणाल्या." आईची त्या वर्षीची पत्रेही माझ्याजवळ होती. आम्ही सर्व आनंदात आहोत. घाटावर पाणी चढले होते, ते उतरले. तब्येतीस जपावे.

पोस्टमन बिचारा पंधरा दिवसांनी वाईची पेटी गिरगावात आणि गिरगावची वाईत पोचवीत होता. आत काही नव्हते.

आता पुस्तकाची शेवटची गोष्ट, 'स्विमिंग लेसन्स'. केर्सी टोरोंटोत एका मोठ्या इमारतीत एकटा राहतो. खाली दरवाजाजवळ चाकाच्या खुर्चीत एक म्हातारा बसलेला असतो, येणाऱ्याजाणाऱ्याला आपले वय ओळखायला सांगतो. त्याला पाहून केर्सीला आपले आजोबा आठवतात, पारशी इस्पितळात पडून असलेले. आई त्यांच्यासाठी किती खपे आणि आपण किती थोडे गेलो, हेही आठवते. तो पोहणे शिकायला नाव घालतो. लहानपणी आईने चौपाटीवर शिकवायचा प्रयत्न केला होता, घाण पाण्यामुळे जमले नव्हते. येथेही जमत नाही.

आणि या गोष्टीच्या मधूनमधून, निराळ्या अक्षरांत, मुंबईचे घर येते. आईवडील पत्राची वाट पाहतात. पत्र येते ते चार ओळींचे, हवापाण्याचे. आई ते पुन्हा पुन्हा वाचते, वडील रागावतात आणि उत्तर द्यायचे नाही म्हणून हटून बसतात. मग एक दिवस टपालाने पार्सल येते. पत्र नव्हे, पुस्तक. मुलाने लिहिलेल्या गोष्टी! म्हणजे जे पुस्तक आपण हातात धरून वाचीत आहोत, तेच जणू त्या आईवडिलांच्या हातात पडते. दोघे ते वाचू लागतात. आईला रडू येते. याने सगळ्या दुःखाच्याच गोष्टी का लिहिल्या, याला घराची फार आठवण येत असली पाहिजे, असे ती म्हणते. वडील समजावतात की लेखक असेच करतात, आठवणीतले थोडे घेतात, थोडे बदलतात, थोडे कल्पनेने घालतात. आईचे समाधान होत नाही. मला तिचीच बाजू बरोबर वाटते. वडील साहित्य वाचीत होते, ती पत्र वाचीत होती.

आणि त्या दोघांना सगळ्यात कुठली गोष्ट आवडते? शेवटची. कारण तिच्यात कॅनडातले सर्वांत अधिक आले आहे. आपला मुलगा तिकडे कसा राहतो हे त्यांना आता थोडेसे तरी कळले.

भगिनींनो, हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. इतकी वर्षे पत्रे येत होती आणि मुलगा कसा राहतो ते कळले ते छापील पुस्तकातून, जे कुणीही परका माणूस विकत घेऊन वाचू शकतो!

तुम्ही म्हणाल, ती पत्रांची गोष्ट जुनी झाली. आता रोज तोंड पाहून बोलता येते. माझा मुलगा दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो. मला त्याचा चेहरा दिसतो, मागे भिंत दिसते, भिंतीवर एक घड्याळ. जेवलास का, जेवलो. थंडी आहे का, आहे. चार वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी नात मध्ये डोकावली आणि मला सांगू लागली, "आजी, बाबा आता रोज घरीच असतो, मला शाळेतून तोच आणतो." त्याने तिला हळूच बाजूला केले. नंतर सुनेकडून कळले, नोकरी जाऊन पाच महिने झाले होते. वीस-बावीस रविवार तो त्या भिंतीसमोर बसून मला सगळे ठीक आहे म्हणत होता.

मी रागावणार होते. फोन हातात घेतलाही होता. मग ती निळी पत्रे आठवली. हे त्याला कुणी शिकविले?

फोन न करता मी पत्र लिहिले. कागदावर, शाईने, अकरा पाने. त्याला उपदेश केला नाही, नोकरीचे विचारलेही नाही. १९७४ सालचा पावसाळा लिहिला. त्याच्या आधी कुणी व्हायचे होते ते लिहिले, बादली लिहिली, आईच्या पाटल्या लिहिल्या. त्याच्या बापालाही मी हे इतके सविस्तर कधी सांगितले नव्हते. दोन दिवस पाकीट तसेच टेबलावर होते. पोस्टात टाकून आले तेव्हा वाटले, आपण म्हातारपणी हे काय करून बसलो. उगाच मुलाच्या जिवाला घोर. त्याच पत्राची नक्कल मी नाशिकला मुलीलाही पाठविली, कारण एकाला सांगायचे आणि एकीला नाही, हाच तर आमच्या घरचा जुना दोष.

मुलगी दुसऱ्याच शनिवारी आली. काही बोलली नाही, माझ्या केसांना तेल लावून दिले आणि रविवारी परत गेली.

जर्मनीहून मात्र तीन आठवडे काही नाही. रविवारचे कॉल येत होते, पण पत्राविषयी शब्द नाही. मग एका बुधवारी, आपल्याकडचे रात्रीचे अकरा वाजले असतील, फोन वाजला. चेहरा नव्हता, नुसता आवाज.

"आई, तो जिना म्हणजे मी ज्याच्यावरून पडलो होतो तोच का? माझ्या हनुवटीला टाके पडले होते तो?"

"तोच."

"त्या वळणावर तू मला कधी एकट्याला जाऊ देत नव्हतीस."

"नव्हते जाऊ देत."

मग तो बोलू लागला. दीड तास बोलला. काय बोलला ते त्याचे आहे, ते मी येथे सांगणार नाही. शेवटी म्हणाला, "ताईला हे माहीत आहे?" मी म्हटले, तिलाच विचार. त्याने त्या रात्री तिला फोन केला की नाही, ते मी विचारले नाही.

वेळ झाली, चिटणीसबाई घड्याळ पाहू लागल्या आहेत. पुस्तकाची प्रत मी मंडळाच्या कपाटात देत आहे. इंग्रजी कठीण नाही. ज्यांना अडेल त्यांनी मंगळवारी दुपारी माझ्याकडे यावे, आपण मिळून वाचू. गोवेकर आयाची एक गोष्ट आहे त्यात, जॅकलिनची. बागेतल्या लोकांना तिचे नाव धड म्हणता आले नाही म्हणून त्यांनी ते जाकेली केले, आणि शेवटी ती स्वतःच स्वतःला तसे म्हणू लागली. त्या कथेपासून सुरुवात करू. आणि एक विनंती. पांढऱ्या केसांच्या गोष्टीत मी निळ्या कागदाचा एक तुकडा खूण म्हणून ठेवला आहे. तो कुणी काढू नये.